अर्गिरोची रेघ

"स्तामातीकाका, पाय."

स्तामातिसने पाय उचलला. तो कुठे ठेवावा ते न कळून तसाच उभा राहिला, एका हातात पाव, दुसऱ्या हातात काठी.

"आता खाली ठेवू का असाच राहू?"

"इथे ठेवा. त्या बाजूला नको. तिथे रेघ आहे."

समोरच्या कॉफीच्या दुकानातून लिनार्दोस ओरडला, "अरे स्तामाती, गवंडीकाम सोडून बगळा झालास की! मासा दिसला का?"

"तू आत जा. तुझी कॉफी करपलीय, इथपर्यंत वास येतोय."

इल्झे हसली नाही. तिला एवढं भरभर बोललेलं कळत नसे. ती स्तामातिसच्या दारासमोर, गल्लीच्या मधोमध मांडी घालून बसली होती. मांडीवर वही, कानावर पेन्सिल, आणि बोटं कोळशाने काळी. वीस वर्षांची पोर. दूर उत्तरेकडून, लाटव्हियातून या ग्रीक बेटावर आली होती. तिथला समुद्र हिवाळ्यात गोठतो असं ती सांगायची, आणि लिनार्दोसला ते अजून पटलेलं नव्हतं. वरच्या गावात जुन्या शाळेच्या इमारतीत परदेशी मुलांची चित्रशाळा भरायची. फेब्रुवारीपासून ईस्टरपर्यंत सहा मुलं राहायला आली होती. बाकीची पाच जण समुद्र काढत, पवनचक्क्या काढत, देवळाचा घुमट काढत. इल्झे जमीन काढायची. लिनार्दोसच्या दुकानावरची खोली तिने भाड्याने घेतली होती. सकाळी ती खिडकीतून गल्लीकडे बघत बसे आणि दुपारी गल्लीत येऊन बसे.

"तुझे मास्तर काही म्हणत नाहीत का गं?" स्तामातिसने एकदा विचारलं होतं.

"म्हणतात. समुद्र काढ, म्हणतात."

"मग?"

"समुद्र मोठा आहे. मला कळत नाही. हे कळतं."

ती ग्रीक बोलायची ती दगड मांडल्यासारखी. एक शब्द ठेवायची, मग बघायची नीट बसला का, मग दुसरा. स्तामातिसला ते आवडायचं. त्याने स्वतः पंचावन्न वर्षं दगडच मांडले होते.

एका दुपारी तिने त्याला सांगितलं होतं की तुमच्या गल्लीत अकरा पांढरे रंग आहेत. स्तामातिस म्हणाला होता, चुना तो चुना, पांढरा एकच असतो. तिने वही उघडून दाखवली. पहाटेचा पांढरा पाणी घातलेल्या दुधासारखा. दुपारचा पांढरा म्हणजे रंगच नाही, नुसतं डोळ्यांना दुखणं. जिन्याखालचा निळसर, मनगटाच्या आतल्या शिरेसारखा. संध्याकाळचा ताज्या पावाच्या आतल्या गरासारखा. स्तामातिसने मान हलवली आणि घरात गेला. पण त्या संध्याकाळी तो उगाचच पुन्हा बाहेर आला आणि भिंतीकडे बघत राहिला. खरंच पावाच्या गरासारखी दिसत होती.

गल्लीतल्या फरश्यांच्या दरजा, म्हणजे मधल्या फटी, चुन्याने रंगवायचं काम बायकांचं. ज्या त्या बाईने आपापल्या दारापुढचं करायचं, ईस्टरच्या आधी एकदा आणि ऑगस्टात देवमातेच्या सणाला एकदा. पुरुष त्यात हात घालत नाहीत. इल्झेने महिनाभर बघून सांगितलं होतं की प्रत्येक दारापुढचा हात वेगळा आहे. मारिगोच्या रेघा दोऱ्यासारख्या बारीक आणि सरळ. लिनार्दोसच्या बायकोच्या जाड, ओघळलेल्या, घाईत केलेल्या.

"आणि ही," स्तामातिसच्या दारापुढे बोट दाखवून ती म्हणाली होती, "ही गोल आहे. कोपऱ्यात थांबते. कुंचा उचलत नाही, फिरवते. ही बाई कोण?"

"माझी बायको."

"ती कुठे आहे?"

स्तामातिसने डोंगरावरच्या सरूच्या झाडांकडे हनुवटी केली. दफनभूमी तिथे होती. अर्गिरो ऑक्टोबरात गेली होती. ऑगस्टातला चुना तिचा शेवटचा.

तेव्हापासून इल्झे रोज त्याच्या दारापुढे बसू लागली. स्तामातिसला ते बरं वाटायचं. दुसऱ्या कुणीतरी अर्गिरोचं काम बघत होतं. त्याने ते कधी बघितलं नव्हतं.

आज मात्र ती कोड्यात पडल्यासारखी दिसत होती.

"काका, ही रेघ खोटी आहे."

"खोटी म्हणजे?"

"बाकी सगळ्या रेघांच्या खाली फट आहे. दोन दगड, मध्ये फट, फटीवर चुना. हिच्या खाली फट नाही." तिने उंबऱ्यापुढच्या रेघेवर बोट ठेवलं. "दगड एक आहे. बाईने दोन केले. आणि मध्ये वळते. का वळते? दगडात कारण नाही."

स्तामातिस हसला. "पोरी, हा रस्ता मी घातलाय. तू मला दगड शिकवतेस?"

पण तो खाली बसला. गुडघे कटकन वाजले. त्याने अंगठ्याचं नख रेघेवरून ओढलं. फट लागली नाही. त्याने पुन्हा ओढलं. चुना वर्षानुवर्षं थरावर थर चढून जखमेच्या व्रणासारखा वर आला होता, आणि त्याच्या खाली दगड सलग होता. त्याचाच दगड.

त्याला सगळं आठवलं, आणि उन्हात बसलेल्या त्या म्हाताऱ्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

चौतीस वर्षांपूर्वी गल्ली नव्याने फरसबंद करायचं काम त्याला मिळालं होतं. आपल्या दारापुढे काहीतरी वेगळं हवं म्हणून त्याने बेटाच्या दुसऱ्या टोकाच्या खाणीतून एक अखंड दगड आणला. दोन मीटर लांब, सव्वा मीटर रुंद. चार माणसं, पहारी, लाकडी रूळ. दोन दिवस लागले. सगळं गाव बघायला आलं होतं. दगड बसला, कुठेही डुगडुगला नाही. स्तामातिसने वर बघितलं तर अर्गिरो दारात उभी होती, हात पिठाने भरलेले.

"हे काय? दारात थडगं आणून टाकलंस?"

"असा दगड अख्ख्या बेटावर नाही."

"म्हणूनच म्हणते. थडग्यावर पाय देऊन मी रोज घरात येऊ? दोन कर त्याचे."

"हा दगड फोडायचा तर आधी माझा हात तोड."

तीन दिवस भांडण चाललं. चौथ्या दिवशी अर्गिरोने दगडाचा विषय काढला नाही, आणि पुढे कधीच काढला नाही. बायकोशी झालेल्या भांडणांपैकी आपण जिंकलेलं एकच म्हणून स्तामातिस ते लिनार्दोसच्या दुकानात तीस वर्षं सांगत आला होता.

आणि तिने त्याच आठवड्यात कुंचा घेऊन दगडाचे दोन केले होते. दर ईस्टरला, दर ऑगस्टला. तो रोज त्याच्यावरून ये-जा करत होता. गवंडी माणूस. झालेल्या कामाकडे त्याने कधी वळून बघितलंच नव्हतं.

"काका?" इल्झे म्हणाली. "मी वाईट बोलले?"

"नाही गं." त्याने रेघेवरची धूळ हाताने झाडली. "तू काढ. नीट काढ."

* * *

ईस्टरच्या आधीच्या पवित्र आठवड्यातल्या मंगळवारी मारिगो आली. ती अर्गिरोची थोरली बहीण, दोन दारं सोडून राहायची. आल्या आल्या ती आधी अंगणात गेली. तिथे लाकडी ओंडक्यांवर एक मोठी शिळा आडवी पडली होती. ती अर्गिरोच्या कबरीसाठी. पहिलं वर्ष नुसता लाकडी क्रूस असतो. मग दगड बसवायचा. स्तामातिसने त्याच जुन्या खाणीतून ती हिवाळ्यात आणवली होती, अखंड, आणि तेव्हापासून रोज सकाळी तो तिच्यावर छिन्नी घेऊन बसायचा.

"मोठा आहे," मारिगो म्हणाली.

"मोठाच हवा."

मारिगोने ओठ मिटले. मग ॲप्रनखालून काढल्यासारखा मुद्दा काढला. "उद्या सकाळी येते मी. तुझ्या दारापुढचं करून टाकते."

"नको."

"नको म्हणजे?"

"राहू दे आहे तसं."

"अरे, शुक्रवारी ख्रिस्ताची तिरडी इथून जाणार, फुलं लावलेली, अख्खं गाव मागे. आणि माझ्या बहिणीच्या दारात शेवाळ? लोक म्हणतील अर्गिरो गेली आणि मागे माणूसच नाही राहिलं."

"लोकांना सांग, मी नको म्हणालो."

"तू कोण नको म्हणणारा? दुखवट्याचं घर आहे, वर्षभर तुला चुन्याला हात लावता येत नाही. आम्हीही लावायचा नाही म्हणतोस. मग कुणी करायचं, लिनार्दोसच्या गाढवाने?"

स्तामातिसने शिळेवरचा चुरा झटकला. कारण सांगायचं म्हणजे चौतीस वर्षं आपल्याला दिसलं नाही हे सांगायचं. तेही मारिगोला. ती ते सगळ्या बेटावर पसरवेल असं त्याला वाटलं.

"माझं घर आहे," तो एवढंच म्हणाला.

"आणि माझी बहीण होती."

ती तरातरा दाराबाहेर पडली. गल्लीत इल्झे उकिडवी बसून रेघेची लांबी पेन्सिलने मोजत होती. मारिगो थांबली. तिने वहीत डोकावलं, मग खाली दगडाकडे बघितलं, मग मागे वळून दारातल्या स्तामातिसकडे. एवढी बोलकी बाई, पण तशीच निघून गेली.

स्तामातिसला वाटलं, समजली. आता नाही करायची.

बुधवारी खरंच कुणी आलं नाही. गल्लीत सगळीकडे बायका बादल्या घेऊन वाकल्या होत्या, त्याच्या दारापुढचा तुकडा मात्र जुना, मळका, तसाच. गुरुवारी दुपारी तो निर्धास्त मनाने सरूंच्या झाडांकडे गेला. अर्गिरोच्या दिव्यात तेल घातलं, काच पुसली, थोडा वेळ बसला. तिला सांगायचं त्याच्या मनात होतं: पकडलं तुला. पण शेजारच्या कबरीवर दुसरी एक बाई होती, म्हणून तो मनातल्या मनातच म्हणाला.

उतरून गल्लीत आला आणि वळणावरच त्याला चुन्याचा ओला वास आला.

त्याचं दार लखलखत होतं. दरजा दोऱ्यासारख्या बारीक, सरळ. मारिगोचा हात. आणि उंबऱ्यापुढे दगड अखंड पडला होता, काळा, धुतलेला, दोन मीटर लांब. रेघ नुसती झाकली नव्हती. सुरीने तासून काढली होती. चुन्याच्या खपल्या झाडून गटारात गेल्या होत्या, तिथे पाणी पांढरं झालं होतं.

चौतीस वर्षांपूर्वी बसवला तेव्हा दगड अगदी असाच दिसला होता. त्या दिवशी स्तामातिसला तो बेटावरचा सगळ्यात सुंदर दगड वाटला होता. आज त्याला पहिल्यांदा दिसलं की अर्गिरो काय म्हणत होती. थडगंच होतं ते.

त्याला त्यावर पाय देववेना. तो भिंतीला धरून, कडेकडेने घरात गेला.

संध्याकाळी मारिगो ईस्टरची तीन लाल अंडी घेऊन आली. दुखवट्याच्या घरात अंडी रंगवत नाहीत, शेजारी आणून देतात.

"ठेव तिथे," स्तामातिस म्हणाला. तिच्याकडे बघितलं नाही.

"काही खाल्लंस का?"

"ठेव आणि जा, मारिगो."

तिने अंडी टेबलावर ठेवली. हाताला अजून चुना होता. गेली.

* * *

शुक्रवारी पहाटेपासून घंटा मयताची वाजत होती. एक टोला, मोठा खंड, पुन्हा एक टोला. स्तामातिस लिनार्दोसच्या दुकानामागचा जिना चढून वर गेला. इल्झेने दार उघडलं. तिचे डोळे सुजले होते.

"त्यांनी काढली," ती म्हणाली. "मी खिडकीतून बघितलं. मी धावले. मी म्हटलं नको, नको. ती बाई म्हणाली, पोरी, तुला कळत नाही."

"वही दाखव."

तिने वही पलंगावर पसरली. एकोणीस पानांवर तीच रेघ होती. सकाळची, दुपारची, पावसातली. एका पानावर मोजमापं होती: उंबऱ्यापासून किती, डाव्या कडेपासून किती, वळण कुठे. स्तामातिसने चष्मा लावला आणि ते पान नकाशासारखं वाचलं.

"चल खाली."

"मी रेघ ओढू?" तिने विचारलं. "मला येईल. पण ती माझी होईल."

"तू नको. तू नुसतं बघायचं. बघायला तुला येतं."

अंगणात, पायऱ्यांखाली, अर्गिरोचा चुन्याचा डबा होता. वर चार बोटं पाणी राखलेलं, खाली विरलेला चुना लोण्यासारखा मऊ. पाण्याखाली चुना वर्षानुवर्षं टिकतो. ऑगस्टात तिने पाणी घालून झाकण लावलं होतं, ते त्यानंतर कुणी उघडलं नव्हतं. झाकणावर तिचा कुंचा होता, मुठीशी जुन्या ॲप्रनची पट्टी गुंडाळलेला. स्तामातिसच्या हाताला तो लहान पडला.

तो गल्लीत आला आणि दगडाच्या मधोमध गुडघे टेकून बसला.

लिनार्दोस धावतच बाहेर आला. "अरे ए! डोकं ठिकाणावर आहे का? आजच्या दिवशी कुणी खिळासुद्धा ठोकत नाही, आणि तू चुना? तो पण दुखवट्यात? देवाला तरी भी."

"तू सरक, उजेड अडवतोयस."

"बायकांची कामं करायला लागला आता."

"सरक म्हटलं ना."

त्याने कुंचा बुडवला, निथळला, आणि रेघ ओढली. इल्झेने वहीकडे बघितलं, दगडाकडे बघितलं.

"सरळ आहे," ती म्हणाली.

त्याने फडक्याने पुसली. पुन्हा ओढली.

"अजून सरळ."

"हात गवंड्याचा आहे गं. वाकडं येत नाही."

त्याने मुद्दाम वाकवली. ती इतकी वाईट दिसली की इल्झेला सांगावंही लागलं नाही. त्याने स्वतःच पुसून टाकली. फडकं भरलं. दगडावर पांढरे डाग पसरले. घंटेचा टोला पडला. दोन-तीन दारांत माणसं येऊन उभी राहिली.

"तिथून नाही."

मारिगो होती. काळ्या कपड्यांत, देवळातून आलेली, केसांत तिरडीच्या फुलांच्या पाकळ्या अडकलेल्या.

"तिथून नाही, अरे मूर्खा. ती तिथून करत नव्हती. गुडघे कधी टेकले तिने? उंबऱ्यावर बसायची, अशी, आडवी."

स्तामातिसने मान वर केली. "तुला ठाऊक होतं."

"सगळ्या गल्लीला ठाऊक होतं."

"सगळ्या? लिनार्दोसच्या बायकोला?"

"तिला सगळ्यात आधी."

लिनार्दोस म्हणाला, "मला नव्हतं रे. शपथ." पण तो दुसरीकडे बघत होता.

"मग पुसलीस कशाला?" स्तामातिसचा आवाज चिरकला. "तुला ठाऊक होतं तर पुसलीस कशाला?"

मारिगो त्याच्या शेजारी खाली बसली, चांगल्या कपड्यांची पर्वा न करता. "शपथ घातली होती तिने. ऑगस्टात, इथेच बसली होती. म्हणाली, 'मी गेले की आधी ही रेघ काढून टाक. माझ्यानंतर त्याला दिसली तर लाज वाटेल त्याला. दगडाचा फार अभिमान आहे त्याला.' मी म्हटलं, जाणार कुठे आहेस तू? तर म्हणाली, 'तू काढ म्हणजे झालं.' माझ्याच्याने झालं नाही. सहा महिने रोज म्हणायचे, उद्या. मंगळवारी ही पोर रेघ मोजताना दिसली. मला वाटलं, आज नाही काढली तर ही तुला सांगणार."

"मला आधीच कळलं होतं."

"मला काय माहीत?" मारिगोने त्याच्या हातातला कुंचा बघितला आणि नाक पुसलं. "मग शिव्या तरी द्यायच्या होत्यास. सांगायचं होतंस."

"कसं सांगणार?"

"हो," ती म्हणाली. "तुझ्याच्याने कसलं सांगणं होतंय."

इल्झेला बरंचसं कळलं नव्हतं, पण तिने पेन्सिल खाली ठेवली होती.

स्तामातिस उठला आणि उंबऱ्यावर जाऊन बसला. आडवा. पाय आत, धड बाहेर. मारिगोने डबा त्याच्या हाताशी सरकवला. त्याने हात लांब केला आणि कुंचा टेकवला. दगडाच्या मध्यापर्यंत आला आणि हात पुरेना. डाव्या तळव्यावर भार देऊन, कमरेतून थोडं वळून, त्याला पुढे सरकावं लागलं. कुंचा उचलायचा नाही हे त्याला वहीवरून ठाऊक होतं. अंग वळलं तशी रेघ वळली, आणि मग पलीकडच्या कडेला जाऊन मिळाली.

त्याने वर बघितलं. इथून त्याला दोन दगड दिसले. दोन्ही अगदी बेताचे. एक तिच्याकडचा, एक गल्लीकडचा.

इल्झेने वही उघडली नाही. "हां," ती म्हणाली.

* * *

दिवेलागणीला तिरडी आली, जांभळ्या आणि पांढऱ्या फुलांनी झाकलेली, मागे मेणबत्त्या घेतलेलं गाव. स्तामातिस दारात धुपाटणं धरून उभा होता. त्या वर्षी माणूस गेलेल्या घरापुढे तिरडी थोडी थांबते, तशी थांबली. धर्मगुरूंनी अर्गिरोचं नाव घेतलं. मग माणसं पुढे सरकली, आणि स्तामातिस चेहऱ्यांकडे न बघता पायांकडेच बघत राहिला. चुना पुरता वाळला नव्हता. गल्लीतल्या एकूण एक बाईने रेघेवरून पाय उचलून टाकला. पुरुष तुडवत गेले.

इल्झे ईस्टरच्या सोमवारी बोटीने गेली. जाताना तिने वहीतलं मोजमापांचं पान फाडायला घेतलं, तर स्तामातिसने तिचा हात धरला.

"फाडू नको. तुझ्याकडेच राहू दे. माझ्याकडे दगड आहे."

"मास्तर म्हणाले, एकोणीस पानं जमीन. पण चांगली जमीन."

"मास्तर शहाणा आहे," स्तामातिस म्हणाला, आणि तिच्या पिशवीत दोन लाल अंडी घातली. तिसरं त्याने आदल्या दिवशी मारिगोच्या अंड्यावर आपटून फोडलं होतं, ज्याचं फुटत नाही तो जिंकतो. मारिगोचं जिंकलं होतं.

मंगळवारी सकाळी तो अंगणात शिळेजवळ उभा राहिला. सबंध हिवाळा त्याने तिच्यावर घालवला होता. काचेसारखी झाली होती. त्याने चुलीतला कोळसा घेतला, शिळेच्या एका कडेला आडवा बसला, आणि हात पुरेल तिथपर्यंत रेघ ओढून, मग अंग वळवून पुढे नेली. मग छिन्नी उचलली. वळणावरून दगड तोडायला दोन दिवस लागले. आवाज ऐकून लिनार्दोस आला आणि त्याने शिळेकडे बघितलं. "पहार आणू का?" एवढंच म्हणाला.

ऑक्टोबरात, वर्ष झालं त्या दिवशी, दोन्ही तुकडे सरूंच्या झाडांखाली नेले. एकेक होते म्हणून दोन माणसांत सहज उचलले गेले. स्तामातिसने ते दोरी न लावता, नजरेनेच बसवले. मध्ये बोटभर फट ठेवली. ती वळणदार होती.

"ही दरज भरत नाहीस?" लिनार्दोसने विचारलं.

स्तामातिसने हात झटकले आणि बाजूच्या भिंतीवर जाऊन बसला.

"ते काम बायकांचं," तो म्हणाला.

मारिगो डबा घेऊन आलीच होती. झाकणावर ॲप्रनची पट्टी गुंडाळलेला कुंचा होता. ती कबरीच्या कडेला बसली, आडवी.